मुलाला टाइप वन डायबेटिस निघालाय? पहिल्या वर्षात काय काय करायचं ते एकेक करून

आमची मुलगी सहा वर्षांची असताना तिला टाइप वन डायबेटिस निघाला. आम्ही मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो, इथं लहान मुलांचे हार्मोनचे डॉक्टर नाहीत, मोठं हॉस्पिटल म्हणजे अडीच-तीन तासांचा प्रवास. तेव्हापासून ओळखीतून ओळखीतून बऱ्याच आईवडिलांचे फोन येतात आणि सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात, म्हणून एकदाचं सगळं नीट लिहून ठेवतेय.

मी डॉक्टर नाही. इन्सुलिन किती युनिट द्यायचं हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचं, या लेखातून डोस काढू नका. पण डॉक्टरांकडे ओपीडीत पाच मिनिटं मिळतात आणि बाकीचे चोवीस तास मूल आपल्याकडे असतं, त्या चोवीस तासांसाठी हे आहे.

बाकी काहीही विसरलात तरी एवढं डोक्यात पक्कं ठेवा, टाइप वनच्या मुलाचं इन्सुलिन कधीही पूर्ण बंद करायचं नाही. मूल जेवत नाही म्हणून नाही, उपास आहे म्हणून नाही, शुगर छान आली म्हणून नाही आणि कुणी औषध दिलं म्हणून तर अजिबात नाही. डोस कमीजास्त होईल, डॉक्टर करतील, पण बंद नाही.

## १. आधी ओळखा, आणि एक थेंब रक्त तपासा

आपल्या देशात टाइप वनची मुलं जगात सगळ्यात जास्त आहेत, २०२१ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार वीस वर्षांच्या आतली सव्वादोन लाखांच्या वर. तरीही "एवढ्याशा पोराला कुठं शुगर असते का" हे वाक्य घरोघरी ऐकू येतं, आणि काही दवाखान्यांतसुद्धा.

ही लक्षणं दिसली की थांबू नका:

- सारखी तहान, रात्री उठून उठून पाणी पिणं
- सारखी लघवी, आणि अंथरूण ओलं करायचं बंद झालेलं मूल परत करायला लागणं
- खातंय भरपूर पण वाळत चाललंय
- लघवीला मुंग्या लागणं
- कायम थकलेलं, चिडचिडं, शाळेत झोपणारं

याच्या पुढची पायरी म्हणजे पोटात दुखणं, उलट्या, जोरजोरात खोल श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी. याला डॉक्टर डीकेए म्हणतात. शरीराला इन्सुलिन नसल्यामुळे साखर वापरता येत नाही, मग ते चरबी जाळायला लागतं आणि त्यातून कीटोन नावाचं आम्ल रक्तात साठतं. ही जिवावरची गोष्ट आहे, तासांचा हिशोब असतो.

इथला ट्रॅप असा की उलटी आणि पोटदुखी म्हटलं की गॅस्ट्रो समजतात, श्वास जोरात म्हटलं की न्यूमोनिया, ताप असला की मलेरिया-टायफॉइड. मग लावतात सलाईन, आणि त्यातलं काही सलाईन ग्लुकोजचंच असतं. म्हणून मूल उलट्या करतंय आणि तरीही लघवी खूप होतेय, हे दोन्ही एकत्र दिसलं तर डॉक्टरांना सरळ म्हणा, "सलाईन लावायच्या आधी बोटाची शुगर बघा." साध्या जुलाब-उलट्यांत पाणी कमी पडून लघवी कमी होते, इथं उलटं असतं. बोटाची तपासणी एका मिनिटाची आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात ग्लुकोमीटर असतो, बऱ्याच मेडिकलवाल्यांकडेही असतो. लक्षणं आहेत आणि कुठल्याही वेळची शुगर २०० च्या वर आली तर "उद्या उपाशीपोटी करून बघू" म्हणत बसू नका, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला निघा.

## २. हॉस्पिटलमधून घरी यायच्या आधी काय शिकून घ्यायचं

पहिले काही दिवस डोकं चालत नाही, रडू येतं, आपलं काय चुकलं हेच मनात घोळतं. तुमचं काही चुकलेलं नाही. गोड खाल्ल्याने टाइप वन होत नाही, शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते, त्यात आईच्या डोहाळ्यांचा किंवा आजीच्या लाडांचा काही संबंध नाही. घरातल्यांना हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर सासरमाहेर करत दोषारोप सुरू होतात आणि मूल ते ऐकत असतं.

डिस्चार्ज घ्यायची घाई करू नका. नर्ससमोर तुम्ही स्वतः इंजेक्शन देऊन दाखवलं, स्वतः शुगर तपासली, शुगर खाली गेल्यावर काय करायचं हे तोंडाने म्हणून दाखवलं, तरच निघा. आणि घरातल्या निदान दोन माणसांनी शिका. एकट्या आईलाच येतंय असं झालं की तिला साधं तापाने झोपताही येत नाही.

घरी येताना जवळ असायला हवं:

- इन्सुलिन, जे वापरात आहे ते आणि एक जादा
- त्याच इन्सुलिनच्या सिरींज किंवा पेनच्या सुया (मुलांना पेनची ४ मिलिमीटरची सुई पुरते)
- ग्लुकोमीटर, त्याच कंपनीच्या स्ट्रिप्स, टोचायच्या लॅन्सेट
- लघवीतले कीटोन तपासायच्या पट्ट्या
- वही. ॲपपेक्षा वही बरी, आजीलाही लिहिता येते
- डिस्चार्ज कार्ड, एचबीएवनसीचा रिपोर्ट (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी), ॲन्टिबॉडी किंवा सी-पेप्टाइड या टाइप वनची खात्री करायच्या तपासण्या केल्या असतील तर तेही, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स
- रात्री-अपरात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर

## ३. चाळीस आणि शंभरचा घोळ, हे दोनदा वाचा

आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदीत मिळतं. काचेच्या बाटलीवर म्हणजे व्हायलवर बहुतेक वेळा ४० आययू (म्हणजे युनिट) प्रति मिली लिहिलेलं असतं. पेनमध्ये घालायच्या कार्ट्रिजवर १०० आययू प्रति मिली. काही व्हायलसुद्धा १०० च्या येतात, म्हणून सवयीवर जाऊ नका, प्रत्येक बाटलीवरचं वाचा.

सिरींजही दोन प्रकारच्या. ४० च्या सिरींजचं टोपण लाल, १०० च्या सिरींजचं केशरी. ४० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरींजनेच, १०० चं केशरीनेच.

चुकलं तर काय होतं तेही समजून घ्या. ४० ची बाटली आहे आणि मेडिकलवाल्याने केशरी टोपणाची सिरींज दिली, तुम्ही १० च्या रेघेपर्यंत भरलंत, तर मुलाला मिळाले फक्त ४ युनिट. शुगर ४०० वर, डॉक्टर डोस वाढवतात, आणि पुढच्या वेळी बरोबर सिरींज मिळाली की मूल बेशुद्ध. उलटं केलं, म्हणजे १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरींजने १० च्या रेघेपर्यंत, तर गेले २५ युनिट. लहान मुलाचा जीव जाऊ शकतो. "काय फरक पडतो ताई, सिरींज सिरींजच असते" असं काउंटरवर कुणी म्हणालं तरी ती घेऊ नका, दुसरं दुकान बघा. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरींजने काढून वापरायचं तर घरी कधीच करू नका.

आता टोचायचं कुठे. पोट, मांडीची बाहेरची बाजू, दंडाची मागची बाजू, ढुंगणाचा वरचा भाग. रोज जागा थोडी थोडी सरकवायची. मुलं म्हणतात "इथंच दे, इथं दुखत नाही", आणि तिथंच देत राहिलं की तिथे मऊ गाठ येते, त्या गाठीत दिलेलं इन्सुलिन धड लागू पडत नाही. कारण न सांगता शुगर वरखाली व्हायला लागली की आधी बोटांनी चाचपून गाठी बघा.

पांढरट दिसणारं इन्सुलिन, म्हणजे एनपीएच किंवा मिक्स्ड, दोन्ही तळहातांत धरून हळूहळू लाटायचं, खळाखळा हलवायचं नाही. स्वच्छ पाण्यासारखं असतं ते गढूळ दिसलं तर टाकून द्यायचं. एका सिरींजमध्ये दोन इन्सुलिन भरायला डॉक्टरांनी सांगितलं असेल तर आधी स्वच्छ, मग पांढरट. लॅन्टस म्हणजे ग्लार्जिन, हे लांब चालणारं इन्सुलिन, कशातही मिसळायचं नाही.

आणि डॉक्टरांना एक विचारा. बऱ्याच ठिकाणी दिवसातून दोनदा मिक्स्ड इन्सुलिनवर सोडून देतात, ते स्वस्त आणि सोपं आहे खरं, पण मग जेवणाच्या वेळा घड्याळावर पाळाव्या लागतात आणि भूक नसताना खायला घालावं लागतं. एक लांब चालणारं आणि प्रत्येक जेवणाआधी एक लवकर काम करणारं, ही पद्धत मुलांसाठी जास्त चांगली मानतात, आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२२ मध्ये टाइप वनसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्यातही तिलाच पसंती आहे. टोचणं जास्त, पण मुलाला मुलासारखं जगता येतं. ग्लार्जिन २०२२ पासून अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, हे सरकारी हॉस्पिटलात मागताना सांगायला उपयोगी पडतं.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण लावून, भरली की हॉस्पिटलात नेऊन द्यायची. उकिरड्यावर टाकू नका, कचरा वेचणाऱ्या बायकांच्या हाताला लागतात.

## ४. इन्सुलिन ठेवायचं कुठे, विशेषतः मे महिन्यात

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये, २ ते ८ डिग्रीला, दाराच्या कप्प्यात किंवा मधल्या. फ्रीझरमध्ये किंवा त्याला चिकटून नको, एकदा गोठलं की ते वाया गेलं, परत वितळून दिसायला ठीक दिसलं तरी.

उघडलेली बाटली २५-३० डिग्रीच्या आत असेल तर साधारण चार आठवडे बाहेर चालते. बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहा. पण आपल्याकडे उन्हाळ्यात घरातच ४० होतं, पत्र्याच्या घरात त्याहून जास्त.

फ्रिज नसेल किंवा लाईट जात असेल तर माठ. एक मोठा माठ, त्यात वाळू, वाळूत छोटं मडकं बसवायचं, वाळू रोज ओली करायची. इन्सुलिन झाकणाच्या प्लास्टिक डबीत घालून ती डबी आतल्या मडक्यात, वरून ओलं फडकं. सावलीत, वारा लागेल तिथे ठेवायचं. मातीच्या भांड्यात इन्सुलिन चांगलं राहतं यावर संशोधनही झालेलं आहे. मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ मस्त काम करतो, कोकणात आणि गोव्यात हवाच ओली असल्यामुळे पाणी उडत नाही, तिथं त्याचा गारवा कमी पडतो, तिथं शेजारच्यांच्या फ्रिजात एक डबा मागून घ्या.

प्रवासात इन्सुलिन बर्फाला चिकटवून नेऊ नका, एसटीच्या सामानाच्या कप्प्यात टाकू नका, उन्हातल्या गाडीत ठेवू नका. ओल्या फडक्यात गुंडाळलेली डबी आपल्या मांडीवरच्या पिशवीत.

## ५. शुगर तपासणं

दिवसातून निदान चार वेळा, प्रत्येक मोठ्या जेवणाआधी आणि झोपताना, आणि अधूनमधून रात्री दोन-तीनला. पण स्ट्रिप्स महाग आहेत, हे डोळ्याआड करून सल्ला देण्यात अर्थ नाही. पैसे कमी असतील तर डॉक्टरांशी बोलून वेळा फिरवा, म्हणजे एक दिवस नाश्त्याआधी आणि झोपताना, दुसऱ्या दिवशी दुपारी आणि रात्रीच्या जेवणाआधी, असं करून आठवड्याभरात सगळ्या वेळांचा अंदाज येतो. मात्र मूल आजारी असताना किंवा विचित्र वागताना काटकसर नको.

हात धुवून, पुसून मगच टोचा. आंबा खाल्लेल्या बोटाने ३०० येतं आणि लोक घाबरून इन्सुलिन देतात. बोटाच्या टोकावर मधोमध न टोचता कडेला टोचा, कमी दुखतं. स्ट्रिप्सची डबी लगेच बंद करा, दमटपणाने आकडे चुकतात. स्क्रीनवर आकड्याऐवजी 'हाय' आलं म्हणजे मीटरला मोजता येत नाही एवढी शुगर आहे, पुन्हा हात धुवून एकदा तपासा, तेच आलं तर कीटोन बघा आणि डॉक्टरांना फोन.

वहीत फक्त आकडा लिहू नका. आकडा, काय खाल्लं, किती इन्सुलिन, आणि वेगळं काही झालं का, कबड्डी, ताप, लग्नाचं जेवण. डॉक्टरांसाठी ही वही सोन्यासारखी असते. आणि आकडा वाईट आला म्हणून मुलाला रागावू नका, कारण मग मुलं खोटे आकडे लिहायला शिकतात, आणि तेव्हा तुमच्याकडे काहीच माहिती राहत नाही.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी. मुलांसाठी साधारण ७ च्या आत हे ध्येय, डॉक्टर मुलाप्रमाणे ठरवतील. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या पालकांनी लक्ष द्या, मुलाला सिकलसेल असेल तर एचबीएवनसीचा आकडा फसवा येतो, रक्त खूप कमी असेल तरीही. तिथं रोजच्या बोटाच्या आकड्यांवरच चालावं लागतं, डॉक्टरांना सिकलसेलचा रिपोर्ट आवर्जून दाखवा.

## ६. शुगर खाली गेली तर

७० च्या खाली म्हणजे कमी. थरथर, घाम, एकदम भूक, चेहरा पांढरा, उगाच रडणं किंवा भांडणं. खेळताखेळता एकदम गप्प बसणारं मूलसुद्धा.

आधी साखर. मोठ्या मुलाला तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात, लहानग्याला एक ते दोन. पंधरा मिनिटं थांबा, परत तपासा, अजून कमी असेल तर परत तेवढंच. वर आली की पुढचं जेवण लांब असल्यास पोळी-भाजी नाहीतर दूध-बिस्कीट असं काहीतरी. स्ट्रिप नसेल तर तपासायची वाट बघू नका, साखर द्या.

इथं लोक चॉकलेट, पेढा, लाडू देतात. त्यातल्या तुपाने साखर सावकाश चढते, त्या वेळी ते उपयोगाचं नाही. आणि घाबरून अर्धी वाटी साखर भरवू नका, मग दिवसभर शुगर ४०० वर राहते.

मूल बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात पाणी, दूध, काहीही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. कुशीवर झोपवा. ग्लुकॅगॉनचं (शुगर पटकन वाढवणारं) इंजेक्शन घरात असेल तर ते द्या, आपल्याकडे ते सहज मिळत नाही, महागही आहे. नसेल तर बोटाने थोडा मध किंवा साखरेची घट्ट पेस्ट गालाच्या आतून चोळा, अगदी थोडी थोडी, आणि त्याच वेळी गाडी काढा. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं यात वेळ जातो आणि मेंदूला साखर मिळत नाही.

खूप खेळलेल्या दिवशी शुगर रात्री उशिरा खाली जाते. स्पोर्ट्स डे, पोहायला जाणं, यात्रेत दिवसभर चालणं, अशा दिवशी झोपताना तपासा आणि मध्यरात्रीही एकदा.

## ७. ताप, उलटी, आजारपण

"काही खाल्लं नाही म्हणून इन्सुलिन दिलं नाही." डीकेएने आयसीयूत पोचलेल्या मुलांच्या आईवडिलांकडून मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी म्हणायला लागलं की पोटात गोळा येतो. आजारात शरीर स्वतःच साखर वाढवतं, न खाताही. म्हणून लांब चालणारं इन्सुलिन द्यायचंच, जेवणाचं किती द्यायचं ते फोन करून विचारायचं.

दोन ते चार तासांनी शुगर. २५० च्या वर असेल किंवा उलटी असेल तर लघवीतले कीटोन. थोडं थोडं पाणी सारखं पाजा. शुगर कमी असेल तर सरबत किंवा साखर घातलेली पेज, जास्त असेल तर साधं पाणी, मीठ घालून ताक, पातळ सूप.

ताबडतोब निघायचं कधी: उलट्या थांबत नाहीत, कीटोन मध्यम किंवा जास्त आहेत, श्वास खोल चाललाय, मूल गुंगीत आहे. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

## ८. हनिमून, आणि "मुळासकट बरा करतो" म्हणणारे

इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी बऱ्याच मुलांची इन्सुलिनची गरज एकदम कमी होते. उरलेल्या पेशींना थोडी विश्रांती मिळते आणि त्या परत काम करायला लागतात. याला डॉक्टर हनिमून म्हणतात. काही आठवडे, काही महिने, क्वचित वर्षभर किंवा जास्त टिकतो, आणि मग संपतो. सगळ्यांचा संपतो.

नेमकं याच काळात नातेवाइकांपैकी कुणीतरी पत्ता घेऊन येतं. अमुक गावचा वैद्य, तमुक पावडर, कडू काढा, मंत्रवलेलं पाणी. मूल हनिमूनमध्ये असल्यामुळे शुगर चांगलीच येत असते, पावडर सुरू केली की श्रेय पावडरला जातं. मग तो माणूस म्हणतो, "आता सुई बंद करा, सुईची सवय लागते." आणि मूल काही दिवसांत डीकेएत जातं. अशी मुलं दगावलेली आहेत, आमच्या भागातही.

१९२२ च्या आधी या आजाराची मुलं वर्ष-दोन वर्षांत जायची, त्यांना उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवणं एवढंच हातात होतं. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं. तोवर जगात कडुलिंब, कारलं, मेथी, जांभळाच्या बिया सगळं होतंच, आणि तरी मुलं जातच होती. आजीला समजावताना मला हेच सांगणं सगळ्यात उपयोगी पडलं.

टाइप टूच्या गोळ्यांचंही तसंच. घरातल्या काकांच्या गोळ्या मुलाला चालत नाहीत, त्यांचा आजार वेगळा. आणि वयात येताना, साधारण दहा-बारापासून पुढे, डोस बराच वाढतो. तेव्हा "आजार वाढला" म्हणून घाबरू नका, वाढीचे हार्मोन इन्सुलिनच्या विरुद्ध काम करतात म्हणून तसं होतं, वाढ पूर्ण झाली की परत उतरतो.

## ९. जेवण

वेगळा स्वयंपाक करू नका. घरात बनतं तेच, फक्त पीठ-भाताचं माप कळलं पाहिजे कारण इन्सुलिन त्याच्यावर ठरतं. पातळ फुलका म्हणजे साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं, ज्वारीच्या एका भाकरीत त्याच्या दुप्पट-अडीचपट, वाटीभर भात ३० ते ४०. भाकरी जाड-बारीक प्रत्येक घरात वेगळी, म्हणून एकदा आपल्या घरच्या पिठाचं वजन करून घ्या. आहारतज्ज्ञ ऊस-द्राक्षांपासून पुरणपोळीपर्यंत सगळं शिकवतील, फक्त इंटरनेटवरचे परदेशी तक्ते घेऊन बसू नका.

- उसळ, डाळ, अंडी, शेंगदाणे हवेत. मूल वाढतंय, त्याला उपाशी ठेवून शुगर सांभाळायची नसते
- गूळ, मध, खडीसाखर ही साखरच आहे
- उपासाची साबुदाणा खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, शुगर झर्रकन चढते. मुलाला उपास नकोच, देव रागावत नाही
- "डायबेटिक" लिहिलेली बिस्किटं महाग असतात आणि पिठाचीच असतात

गणपतीत मोदक दिला तरी चालतो, जेवणासोबत, मोजून, त्याचं इन्सुलिन देऊन. भावंडांना मोदक आणि याला काकडी असं केलंत तर मूल चोरून खाईल आणि चोरून खाल्लेल्याचं इन्सुलिन कुणी देत नाही.

## १०. शाळा

शाळेपासून लपवू नका. विशेषतः मुलगी असेल तर घरचे म्हणतात "बोभाटा नको, पुढे लग्नाचं काय". अहो, वर्गात शुगर ४० ला गेली आणि बाईंना वाटलं पोरगी झोपलीय, तर लग्नापर्यंत पोचायचं कसं? मुलींच्या बाबतीत इन्सुलिनवरचा खर्चही हात आखडून होतो, तपासण्या पुढे ढकलल्या जातात. मला हे लिहितानाही त्रास होतो, पण होतं ते असं.

हेडमास्तरांना लेखी पत्र द्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स जोडून, आणि एक पोच सही करून घ्या. पत्रात एवढंच: आजार संसर्गाचा नाही, तिला वर्गात कधीही खाऊ, पाणी, लघवीला जाऊ द्यावं, दुपारी इंजेक्शन घ्यायला स्वच्छ जागा द्यावी, शुगर कमी झाल्यास एकटं घरी पाठवू नये. दप्तरात साखरेची पुडी, मीटर, तुमचा नंबर. वर्गबाईंना आणि एका मैत्रिणीला समोर बसवून दाखवा.

परीक्षेत सीबीएसईने २०१७ पासून टाइप वनच्या मुलांना खाऊ-पाणी जवळ ठेवायला परवानगी दिलेली आहे, आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने सगळ्या राज्यांना शाळेत आणि परीक्षेत या मुलांची सोय करायला कळवलं. स्टेट बोर्डाच्या दहावी-बारावीसाठी वर्षाच्या सुरुवातीलाच शाळेमार्फत विभागीय मंडळाला अर्ज करून ठेवा, हॉलतिकीट हातात आल्यावर धावपळ नको.

## ११. पैसे आणि कुठे जायचं

जिल्हा रुग्णालय आणि सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये इन्सुलिन मोफत मिळू शकतं, स्टॉक संपलेला असतो ही अडचण असते, म्हणून घरातलं संपायच्या पंधरा दिवस आधी जा. जनऔषधी केंद्रातही स्वस्त मिळतं, ताकद आणि प्रकार तोच आहे का ते बघून घ्या.

टाइप वनच्या मुलांसाठी काम करणारी ठिकाणं: पुण्यात केईएम हॉस्पिटलचं डायबेटिस युनिट आणि जहांगीर हॉस्पिटल, मुंबईत परळचं वाडिया आणि जुवेनाइल डायबेटिस फाउंडेशनची महाराष्ट्र शाखा, नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी उभा केलेला ड्रीम ट्रस्ट, छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची उडान. चेंजिंग डायबेटिस इन चिल्ड्रन आणि लाइफ फॉर अ चाइल्ड असे जागतिक कार्यक्रमही गरीब घरच्या मुलांना काही केंद्रांमार्फत इन्सुलिन, स्ट्रिप्स देतात, तुमच्या डॉक्टरांना जवळचं केंद्र विचारा. जायच्या आधी फोन करून वार आणि वेळ विचारून घ्या.

लागणारे कागद: मुलाचं आणि पालकांचं आधार, रेशनकार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाइड, जन्मदाखला, पासपोर्ट फोटो, डिस्चार्ज कार्ड. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, त्याच्यासाठीच सगळं अडतं.

महात्मा फुले जन आरोग्य योजना ॲडमिट असतानाच्या उपचारांसाठी आहे, दर महिन्याच्या इन्सुलिनसाठी नाही. ॲडमिट झाल्याबरोबर आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, गाठा, बिल झाल्यावर नाही. आणि "अपंग प्रमाणपत्र काढून देतो" म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटांपासून लांब राहा, २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या २१ प्रकारांत टाइप वन डायबेटिस नाही.

## १२. दरवर्षीच्या तपासण्या, आणि बाकीचे हार्मोन

उंची-वजन दर भेटीला तक्त्यावर भरायला सांगा, उंची थांबली असेल तर काहीतरी बिघडलंय. वर्षातून एकदा थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी, कारण टाइप वनच्या मुलांना थायरॉइडचा त्रास जास्त होतो. गव्हाची ॲलर्जी म्हणतात त्या सिलियाकची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा. डोळे आणि लघवीतलं प्रोटीन, साधारण अकरा वर्षांनंतर आणि आजाराला काही वर्षं झाल्यावर दरवर्षी.

थायरॉइडचं निघालंच आहे तर घरात नवीन बाळ येणार असेल त्यांच्यासाठी, बाळाच्या टाचेच्या रक्ताची टीएसएच तिसऱ्या ते पाचव्या दिवशी करून घ्या. जन्मतः थायरॉइड काम करत नसेल तर बाळ दिसायला अगदी गुणी असतं, शांत, झोपाळू, आणि तोवर मेंदूची वाढ खुंटत असते. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ते मूल इतरांसारखंच वाढतं. गोळी स्वस्त आहे, चुरून चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात द्यायची, लोह-कॅल्शियमच्या औषधासोबत नाही. आमच्या भागात डिलिव्हरीनंतर दुसऱ्याच दिवशी घरी सोडतात आणि ही तपासणी राहून जाते, म्हणून आशाताईला आधीच सांगून ठेवा. अंगणवाडी-शाळेत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही थायरॉइडच्या मुलांना जिल्ह्याला पाठवतं.

मुलगी आठ वर्षांच्या आत किंवा मुलगा नऊच्या आत वयात यायला लागला, किंवा मूल वर्षभरात कपड्यातून बाहेरच आलं नाही, तरीही लहान मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवायचं, "आमच्या घराण्यात असंच असतं" म्हणून सोडायचं नाही.

टाइप वनच्या मुलाच्या भावंडांना धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो, बहुतेकांना होत नाही. पण मीटर घरात आहेच, तर धाकटा सारखं पाणी प्यायला लागला की त्याच दिवशी एक स्ट्रिप त्याच्यासाठी खर्च करा.